दहा बाह्यांची चिंबोरी

माझ्या सासूबाई, पुतळाबाई, राग विसरत नाहीत. त्यांच्या नणंदेच्या मुलीच्या लग्नात त्यांना शेवटच्या पंगतीला बसवलं होतं, तेव्हापासून त्या घरचं पाणी त्यांनी तोंडाला लावलेलं नाही. त्या नणंदेला जाऊन अकरा वर्षं झाली. मी एकदा म्हटलं, "आई, आता कोणावर राग धरताय?" तर म्हणाल्या, "घर हाय ना अजून उभं?" अशा बाईला चैत्राली मॅडमनी डिवचलं. पुढे जे झालं त्यात माझाही हात आहे, हे आधीच सांगून टाकते, उगाच कोणी मला साळसूद समजायला नको.

आम्ही सोनिवलीला राहतो, बदलापूरच्या कडेला. आमची बिल्डिंग आहे तिथे आधी सासऱ्यांचं भाताचं शेत होतं. जमीन बिल्डरला दिली आणि त्यात हा दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट वाट्याला आला. सासरे बुधाजी त्यात दोन वर्षंही राहिले नाहीत. आता आम्ही चौघं: आई, माझा नवरा जितेश, मी आणि आमची पाच वर्षांची ऋतिका. आई शाळेत गेलेल्या नाहीत. जमिनीच्या कागदांवर त्यांचे अंगठे घेतले, तेव्हा शाई पुसायला कारकुनाने फडकं पुढे केलं. आईंनी ते घेतलं नाही, अंगठा सरळ कचेरीच्या पांढऱ्या भिंतीला पुसला. जितेश ही गोष्ट पाहुण्यांना अजून सांगतो आणि आई दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारख्या खूश होतात.

मी उल्हासनगरला पाच नंबर कॅम्पात एका जीन्सच्या कारखान्यात चेकिंगला आहे. जीन्स कापताना कापडाच्या थरांवर सगळ्यात वर एक लांबलचक कागद पसरतात. त्यावर पायांचे, खिशांचे, पट्ट्यांचे आकार काढलेले असतात. कापणी झाली की तो कागद बाद. आमचे शेठ म्हणतात, "ले जा बेटा, कचरा ही है." मी आईंसाठी त्याची भेंडोळी घरी आणायची.

आईंना तो कागद हवा असायचा लगद्यासाठी. त्यांच्या माहेरी जुन्या टोपल्यांना कागदाचा लगदा लिंपायची पद्धत होती. कागद तीन दिवस भिजवायचा, उखळात कुटायचा, भिजवलेली मेथी पाट्यावर बारीक वाटून त्यात घालायची आणि टोपलीला थापायची. मेथीने लगदा चिकट होतो आणि कडूही होतो, म्हणून तांदळाच्या टोपलीला उंदीर-घुशी तोंड लावत नाहीत. फ्लॅटमध्ये तांदूळ डब्यात आले आणि टोपल्या गेल्या, पण आईंचे हात काही थांबले नाहीत. ऋतिका झाली आणि त्या लगद्याची चिंबोरी झाली, म्हणजे खेकडा.

ती आईंच्या बडबडगाण्यातली. ऋतिकाला तेल लावताना त्यांनी ते जुळवलं होतं, तिच्या रडण्याच्या तालावर:

चिंबोरीबाय, चिंबोरीबाय, सदरा शिवलास कुनाला?
धा बाह्या न् एक खिसा, गलाच नाय त्याला!
बगला ऱ्हायला मापाला, एक पाय वर धरून,
गोगलगाय बटनं घेऊन निंगली कवाची घरून.

आमचं शेत नदीच्या बाजूला उतरतं होतं आणि बांधातून चिंबोऱ्या निघायच्या, त्यामुळे आईंना त्यांची चाल तोंडपाठ. त्यांनी परातीएवढी चिंबोरी केली, गेरूने रंगवली, दगडाने घासून चकचकीत केली आणि माझ्याकडच्या जीन्सच्या चिंध्यांतून तिच्या मांडीवर दहा बाह्यांचा, बिनगळ्याचा सदरा ठेवला. बगळ्याच्या चोचीत माझी झिजलेली मापाची टेप आली. गोगलगायीच्या पाठीवर शंखाऐवजी बाद झालेल्या पितळी बटणांचा ढीग. टीव्हीच्या शेजारी ती तिघं बसली आणि घरात कोणी आलं की आधी त्यांना भेटायचं, मग आम्हाला. ऋतिका तर जेवताना गोगलगायीला विचारायची, "पोचलीस का?" आई आतून ओरडायच्या, "नाय, अजून मांजर्लीलाच हाय!" मांजर्ली म्हणजे बदलापुरातच.

आमच्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर चैत्राली मॅडमची बालवाडी आहे. ऋतिका तिथेच जाते. मॅडम तशा हुशार, बोलायला गोड, साडीवर नेहमी जुळता ब्रोच. दिवाळीत फराळाला आल्या आणि चिंबोरी बघून जमिनीवरच बसल्या. "आजी, किती क्यूट! हे तुम्ही केलंत? म्हणा ना ते गाणं, मी रेकॉर्ड करते." आईंनी चार वेळा म्हटलं. लाजल्या, हसल्या, मॅडमना जाताना चकल्या बांधून दिल्या. मग मॅडमनी ती तिघं शाळेच्या गॅदरिंगपुरती मागून नेली.

गॅदरिंग जानेवारीत, अंबरनाथला शिवमंदिराच्या अलीकडच्या एका हॉलमध्ये होतं. आई नवं लुगडं नेसून आल्या होत्या. स्टेजवर मधोमध आमची चिंबोरी. तिच्यामागे मोठा फ्लेक्स, त्यावर मॅडमचा फोटो आणि खाली लिहिलेलं: "चैत्राली मॅडमच्या कल्पनेतून साकारलेले बालविश्व". मुलांनी गाणं म्हटलं. त्यात चिंबोरीबायची खेकडेताई झाली होती. गावठी शब्द काढून टाकले, असं मॅडम नंतर एका पालकाला सांगताना मी ऐकलं. गाणं संपल्यावर ऋतिकाने आजीच्या मांडीवर बसून फ्लेक्सवरची अक्षरं एकेक लावली आणि मोठ्याने वाचून दाखवली. तेव्हाच तिला जोडाक्षरं वाचता यायला लागली होती, त्याचं मला कौतुक वाटायला हवं होतं.

शेवटी मॅडमनी माइकवरून आईंना वर बोलावलं. मला वाटलं, चला, आता नाव घेतील. मॅडम म्हणाल्या, "आणि या आमच्या मावशी. शाळेच्या मदतीला असतात, चिकटवाचिकटवी बघतात." मग झाडूवाल्या दोन बायांबरोबर आईंना एका रांगेत उभं केलं आणि तिघींना एकेक स्टीलचा डबा दिला. मदतीला असण्यात कमीपणा नाही. आईंनी आयुष्यभर दुसऱ्यांच्याही शेतावर लावण्या केल्या आहेत. पण त्या मॅडमच्या मदतीला कधीच नव्हत्या, आणि ही शाळा उभी आहे ती आईंच्याच भाताच्या खाचरावर. मला इतका संताप आला की टाळ्या वाजवणाऱ्या जितेशच्या हातावर मी चापट मारली.

घरी येऊन तो डबा आईंनी आपल्या पलंगासमोरच्या कपाटावर ठेवला, झोपताना आणि उठताना दिसेल असा. मी म्हटलं, "उचलून ठेवू का आत?"

"ऱ्हाऊ दे," आई म्हणाल्या. "नजरंसमोर बरा हाय."

एप्रिलमध्ये मॅडम पुन्हा वर आल्या. उन्हाळी शिबिर घ्यायचं होतं, चाळीस मुलं, प्रत्येकाची एकेक लहान चिंबोरी आणि मॅडमची एक भलीमोठी. सगळ्या चिंबोऱ्या सुट्टीभर शाळेच्या माळ्यावर वाळत राहणार आणि जूनमध्ये शाळा उघडेल त्या दिवशी पालकांसमोर प्रदर्शन. "आजी, ती रेसिपी तेवढी सांगा ना. पालकांच्या ग्रुपवर टाकते. घरून लगदा करून आणतील."

मी ओट्यापाशी कणीक मळत होते. मला सगळं ऐकू येत होतं.

आईंनी फार प्रेमाने सांगितलं. कागद किती फाडायचा, किती भिजवायचा, पाणी कसं पिळायचं. मग म्हणाल्या, "आनि मैद्याची खल शिजवून घालायची, घट्ट. त्यात गुलाचे दोन खडे. चांगली चकाकी येते."

"गूळ?" मॅडम फोनवर लिहिता लिहिता थांबल्या.

"गुलाबिगर कसं व्हइल?" आई म्हणाल्या.

माझा हात कणकेतच राहिला. मैदा नाही, गूळ तर नाहीच नाही. आणि मेथीचं नावसुद्धा नाही. मी बाहेर जाऊन सांगू शकले असते. एवढंच म्हणायचं होतं की आई, मेथी राहिली. मी नळ सोडला आणि हात धुतले. मॅडम गेल्यावर आई आत आल्या, माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्याकडे बघितलं. "भाकऱ्या की पोल्या?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, पोळ्या.

संध्याकाळी ग्रुपवर मेसेज आला: "माझ्या अनुभवातून सांगते, गूळ विसरू नका!!" खाली बारा अंगठे आणि सात फुलं.

शिबिराच्या आदल्या दिवशी आमच्या घरीही कागद भिजलेला होता, ऋतिकासाठी. तिला गूळ-मैद्याचा लगदा देणं माझ्याच्याने होईना. पोर दोन दिवस चिंबोरीचे डोळे कुठे लावायचे याची चित्रं काढत होती. म्हणून मी जेवणं आवरताना एका वाटीत मेथी भिजत घातली आणि आईंना दिसू नये म्हणून मिक्सरच्या मागे सरकवली. त्यांनी सूड ठरवला होता, मला त्यात खोडा घालायचा नव्हता. फक्त माझ्या मुलीपुरती सवलत हवी होती.

सकाळी मिक्सर पुढे ओढला तर तिथे माझी वाटी होती आणि तिच्या शेजारी तो गॅदरिंगचा स्टीलचा डबा. झाकण उघडलं. आत मेथी, टम्म फुगलेली.

आई मागे येऊन उभ्या राहिल्या. वाटीकडे बघितलं, डब्याकडे बघितलं. "दोनी घाल," म्हणाल्या. मी दोन्ही घातल्या. ऋतिकाचा गोळा इतका कडू झाला की तिने शिबिरात चुकून बोट चाटलं आणि तिथेच थुंकली, असं मॅडमनी तक्रारीच्या सुरात मला सांगितलं. मी सॉरी म्हटलं.

पूर्ण मे महिना आणि अर्धा जून त्या चिंबोऱ्या माळ्यावर होत्या. आई रोज दुपारी गॅलरीत बसून खाली शाळेच्या बंद दाराकडे बघायच्या. आमची जुनी तिघं घरी परत आली होती; बगळ्याची टेप तिकडेच हरवली होती. आईंनी त्याला दुसरी टेप दिली नाही. म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे तसाच. भरपाई झाली की देऊ."

शाळा उघडली त्या दिवशी मी अर्धी सुट्टी टाकली. खोटं कशाला सांगू, बघायचं होतं मला. पालक दाटीवाटीने उभे, पोरं पुढे मांडी घालून. मॅडमनी छोटंसं भाषण केलं, त्यात "सृजनशीलता" तीनदा आलं. मग शिपायाने माळ्यावरून खोकी उतरवली. पहिलं खोकं उतरलं तेव्हाच एक आंबूस वास आला. मॅडमनी झाकण काढलं. आत चिंबोऱ्या नव्हत्या. रंगाचे तुकडे, भुसा, लेंड्या आणि मुंग्यांच्या रांगा. कुठे एखादी नांगी, कुठे नुसता डोळा. दुसऱ्या खोक्यात तेच. मॅडमची मोठी चिंबोरी वरून धड दिसत होती म्हणून त्यांनी ती दोन्ही हातांनी उचलली, तर पाठीचा तेवढा पापुद्रा हातात आला आणि पोटातून एक उंदीर निघून थेट पालकांमध्ये घुसला. बाया खुर्च्यांवर चढल्या. मी भिंतीला टेकून उभी होते, आणि मला हसू आवरायला ओठ चावावा लागला.

मग मुलं रडायला लागली.

एक रडलं की दुसरं, तसं चाळीस मुलांचं रडणं. मला ते आधी का सुचलं नव्हतं, देव जाणे. मी मॅडमचा चेहरा मनात इतके महिने बघत होते की त्या खोक्यांवर मुलांची नावं असतील हे डोक्यातच आलं नाही. विनीत नावाचा ऋतिकाचा मित्र आहे, तो आपल्या चिंबोरीचा एक पाय मुठीत धरून हुंदके देत होता.

तळाच्या खोक्यात एकच चिंबोरी अख्खी निघाली. लाल, टणक, डोळे कपाळाच्या पार वर लावलेले. ऋतिका ओरडली, "माझी!"

मॅडमनी ती हातात घेतली, उलटी केली, नाकाशी नेली. मेथीचा वास असा लपत नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे. मग त्या जिन्याकडे निघाल्या, हातात चिंबोरी तशीच. मागे मी, माझ्यामागे ऋतिका आणि ऋतिकामागे निम्मे पालक.

आई दारातच तांदूळ निवडत बसल्या होत्या. वाट बघत होत्या म्हटलं तरी चालेल.

"आजी, तुम्ही मला मेथी सांगितलीच नाही!" मॅडम म्हणाल्या.

"कशात मेथी?"

"चिंबोरीत!"

"आता चिंबोरी बोलतेस? मंगा खेकडेताई व्हती ना." आईंनी सूप खाली ठेवलं. "कोनाची हाय ती चिंबोरी?"

मॅडमनी मागे जिन्यातल्या पालकांकडे बघितलं.

"कोनाची?"

"तुमची," मॅडम म्हणाल्या. "तुमचीच आहे, आजी."

"आजी मी हिची." आईंनी ऋतिकाकडे बोट केलं. "माझं नाव घेऊन बोल."

मॅडमना नाव माहीत नव्हतं. दिवाळीचा फराळ खाल्ला, चार वेळा गाणं रेकॉर्ड केलं, रेसिपी लिहून घेतली, आणि नाव कधी विचारलंच नव्हतं. त्यांचे कान लाल झाले. त्या माझ्याकडे बघायला लागल्या, मी सांगेन म्हणून. मी नाही सांगितलं. शेवटी ऋतिकाच म्हणाली, "पुतळाबाई बुधाजी!" मॅडमनी ते तिच्यामागून म्हटलं, सगळ्यांसमोर, मास्तरांनी उभं केलेल्या मुलासारखं. आईंनी मान हलवली आणि सूप पुन्हा मांडीवर घेतलं.

मला वाटलं, झालं, संपलं. पालक उतरून गेले. घरात आम्ही तिघीच होतो. ऋतिकाने आपली चिंबोरी टीव्हीशेजारी ठेवली, मग विचारलं, "आजी, बाकीच्यांना का नाही दिलीस मेथी?"

आईंकडे प्रत्येकाला उत्तर असतं. नणंदेला होतं, कारकुनाला होतं, मॅडमना होतं.

"विनीत रडत होता," ऋतिका म्हणाली. "तो तुझं गाणं बरोबर म्हणतो. चिंबोरीबायच म्हणतो."

आईंनी तांदळातला खडा काढला आणि सूप बाजूला सारलं. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. मीही फार जेवले असं नाही.

दुसऱ्या दिवशी मी कारखान्यातून कागदाची चार भेंडोळी आणली, मला कोणी सांगितलं नव्हतं तरी. आईंनी मोठ्या पातेल्यात मेथी घातली. महिनाभर आमच्या घरात उखळाचा आवाज होता आणि कपड्यांनासुद्धा मेथीचा वास. शाळा सुटली की मुलं चार-चारच्या टोळीने वर यायची, आपापले डोळे आपापल्या जागी लावायची. दमट हवेत काही वाळेना, म्हणून मी रोज गॅसच्या मंद आचेवर तवा ठेवून त्यावर सहा-सहा चिंबोऱ्या शेकायचे. एकोणचाळीस झाल्या. प्रत्येकीचं पोट ओलं असतानाच आई तिला उलटी करायच्या आणि मधोमध अंगठा दाबायच्या, खोल, रेषा उमटेपर्यंत. विनीतने विचारलं, हे काय आहे? आई म्हणाल्या, "मी केली म्हनून अंगठा. मंगारी कागदावर दिला तवा जमीन गेली माझी. आता दिला की माझी झाली."

जुलैच्या शेवटी मॅडम आल्या. दारातच उभ्या राहिल्या. सगळ्या मुलांच्या चिंबोऱ्या खिडकीत मांडल्या आहेत, म्हणाल्या, फक्त मधली मोठी जागा रिकामी आहे. फ्लेक्स उतरवला आहे. नव्यावर नाव कसं लिहायचं तेही त्यांनी कागदावर काढून आणलं होतं, पुतळाबाई बुधाजी, खाली शाळेचं नाव. "तेवढी एक मोठी कराल का, आजी? म्हणजे, पुतळाबाई?"

आईंनी कागद हातात घेतला. वाचता येत नव्हतं, पण बराच वेळ बघितला, मग नीट घडी घालून कमरेला खोचला.

"पोरांच्या केल्या," त्या म्हणाल्या. "तुझी कशी करू? ती तुझ्या डोक्यातून आलती ना. बघ, आत अजून एकादी हाय का."

मॅडम तशाच उभ्या राहिल्या. दोन जिने चढून आल्या होत्या, कपाळावर घाम होता. आई आत गेल्या, कुठूनशी एक टेप काढली आणि बगळ्याच्या चोचीत अडकवायला बसल्या. मी दाराशीच होते. मॅडमना पाणी विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही.